शारदेच्या मांडवातली ओटी

आमच्या भागातल्या रसिक प्रेक्षकांचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात शारदोत्सव मंडळाचे तिघे जण घरी आले होते. चहा झाला, बिस्किटं झाली, मग त्यातला एक म्हणाला, "ताई, थेच नाटक यंदा पुन्हा करू म्हनतो. पब्लिकची लय डिमांड हाये. तुमी प्रॉम्प्टिंगले बसान ना?" मी कप उचलले आणि आत निघून गेले. ते बराच वेळ तसेच बसले असावेत. शेवटी नवऱ्यानं त्यांना वाटेला लावलं आणि आत येऊन विचारलं, "काय झालं?" त्याला सगळं माहीत असून त्यानं विचारलं, म्हणून त्याच्यावरही ओरडले. त्या रागातच हे लिहायला बसले आहे.

अमरावतीत वस्ती संपते तिथं माझ्या बाबांची फुलांची वाडी आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि मधल्या वाफ्यांत मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली. शिकले, मराठीत एम.ए. केलं, गावातच दिली, आता एका कोचिंग क्लासमध्ये मुलांना व्याकरण शिकवते. धाकटी माझ्याहून बरीच लहान. तिला कडेवर घेऊन मी वाडीभर हिंडले आहे. तिचं लग्न अकोल्यात झालं. मुलाचं मोबाइलचं दुकान, स्वतःचं घर, सासू-सासरे बोलायला साखरेसारखे. सगळ्यांनी सांगितलं, पोरीनं नशीब काढलं.

होळीच्या आसपास ती एकटीच एसटीनं परत आली. हातात फक्त पर्स होती. डाव्या हाताचं एक बोट वाकडं जुळलेलं होतं, आणि ते कधी मोडलं हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पहिले काही आठवडे ती चपला उशाशी घेऊन झोपायची. आई म्हणायची, "उशाशी चपला ठेवू नये वं, अवदसा येते." ती ऐकायची नाही. अकोल्याच्या घरात रात्री अनवाणी पळावं लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जावयाचे फोन आले. मग मध्यस्थ आले. मग तिच्या सासरचे कुणी लांबचे मामा आले, त्यांनी संसाराचं गाडं आणि दोन चाकं वगैरे ऐकवलं. बाबा बोलायला फार कमी. ते सगळ्यांना चहा पाजत, वाडीतल्या शेवग्याच्या शेंगा बांधून देत आणि एकच वाक्य बोलत, "माह्या घरी चार भाकरी जास्तीच्या थापल्यानं तवा झिजत नाही. पोरगी इथंच राहीन." मला आयुष्यात बाबांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. ज्या माणसानं कधी शेजाऱ्याशी धुऱ्या-बांधावरून वाद घातला नाही, तो माणूस एका वाक्यावर पाय रोवून उभा होता.

आणि धाकटी सावरली. हळदीच्या कार्यक्रमाला नवऱ्या मुली हल्ली फुलांचे दागिने घालतात ना, ते ती मोबाइलवर बघून करायला शिकली. मोगऱ्याच्या कळ्यांची बिंदी, शेवंतीचे बाजूबंद. वाकड्या बोटानं गाठ मारताना तिची जीभ बाहेर यायची, लहानपणी यायची तशीच. ऑर्डरी येऊ लागल्या. पावसाळ्यात केव्हातरी मी माहेरी गेले, तर तिच्या चपला दारात, सगळ्यांच्या चपलांमध्ये पडलेल्या होत्या. घरी येताना मी रस्ताभर डोळे पुसत आले.

नाटक एका जुन्या कादंबरीवरचं. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मंडळानं जो पराक्रम केला त्यात त्या पुस्तकाचा काही दोष नाही. कॉलेजात असताना ती आम्हाला अभ्यासाला होती. सासरचा जाच सोसवेना म्हणून एक लेक तीनदा बापाकडे येते, आणि बाप तीनदा तिला समजावून, स्वतः चालत नेऊन सासरी पोचवतो. चौथ्यांदा ती निघते, पण कुणाच्याच घरी पोचत नाही. शेवटच्या पानावर नुसता बाप आहे, नदीच्या काठी, तिला हाका मारणारा. ते पान वाचल्यावर मला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

मंडळानं गेल्या वर्षी "दर्जेदार काहीतरी" करायचं ठरवलं आणि ही कादंबरी निवडली. दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी राज्य नाट्यस्पर्धेत कधीतरी काम केलेले, त्यामुळे वागण्यात थोडा तोरा. तालमी सुरू झाल्या. वाचून दाखवायला म्हणजे प्रॉम्प्टिंगला मला बोलावलं, कारण माझा आवाज दबका लावला तरी दोन हात लांब जातो. शेवटच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी हात वर केला. "देवीच्या मांडवात मढं नको," ते म्हणाले. दिग्दर्शकांनी मान डोलावली. "सणासुदीचे दिवस आहेत. माणसं प्रसन्न होऊन घरी गेली पाहिजेत." आठवड्याभरात नवा शेवट तयार झाला. नवरा दोन वाक्यांत पस्तावतो, बाप आशीर्वाद देतो, आई ओटी भरते, लेक हसतमुखानं सासरी निघते, सनई, पडदा.

मी भांडले. "अहो, मग ही कादंबरी घेतलीच कशाला? दुसरं काही घ्या." दिग्दर्शक हसून म्हणाले, "ताई, तुम्ही साहित्याच्या, तुम्हाला पुस्तक दिसतं. आम्हाला समोरची माणसं दिसतात." सोडून यावं असं मनात आलं होतं. आले नाही. इतक्या बायका हौसेनं पाठांतर करत होत्या, त्यांचा विरस कशाला करा, असं वाटलं.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती साधी आहे, पण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. शेवटच्या प्रवेशात ओटीचं ताट लागणार होतं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. सामानाची जबाबदारी ज्या बाईंकडे होती त्या म्हणाल्या, "नारळ इकत कायले आनता? देवीपुढं पोत्यानं पडले हायेत." खरंच होतं. अष्टमीला सकाळपासून बायकांनी शारदेची ओटी भरली होती, नारळांची रास लागली होती. त्यातलंच एक भरलेलं ताट उचलून त्यांनी विंगेत आणून ठेवलं. त्यावर देवीचं कुंकू होतं. कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. पुढं सतरंज्यांवर बायका आणि लेकरं, मागं खुर्च्यांवर पुरुष, त्याच्याही मागं बांबूंना टेकून उभे असलेले आमच्याकडचे फुलवाले-भाजीवाले. बाबा त्यांच्यात. मंडळाची तोरणं दरवर्षी आमच्या वाडीतून फुकट जायची, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलेली असायची. पण खुर्चीवर पाठ आखडते म्हणून ते कायम मागंच उभे राहत. धाकटी पहिल्या सतरंजीवर होती. नायिकेची वेणी तिनंच गुंफली होती, ती रंगमंचावर कशी दिसते ते तिला बघायचं होतं. बऱ्याच दिवसांनी साडी नेसली होती, गर्द निळी.

आमचं पब्लिक नाटक गप्प बसून बघत नाही, नाटकात भाग घेतं. सासूनं पहिलं वाक्य टाकलं आणि मागून आवाज आला, "हे तं आमच्या गल्लीतलीच हाये!" मांडव हसला. ते काम करणाऱ्या बाई शिवणकाम करतात, स्वभावानं गरीब गाय. पण दुसऱ्या अंकात त्यांनी सुनेच्या हातातलं ताट हिसकावलं तेव्हा एक बाई उभी राहून ओरडली, "मर वं सटवे, तुह्या हाताले किडे पडतीन!" लेकरांनी शिट्ट्या मारल्या. नवऱ्यानं हात उगारला तेव्हा मात्र सगळे एकदम चिडीचूप झाले. विंगेच्या फटीतून मला धाकटी दिसत होती. तिनं खाली मान घालून साडीची किनार बोटाला गुंडाळली होती, सोडली होती, पुन्हा गुंडाळली होती. मला वाटलं, हिला उठून घरी जायला सांगावं. पण पुढचं वाक्य नायिका विसरली आणि मला वाचायला लागलं.

बायका रडत होत्या, हे मी नाकारत नाही. नाकं ओढल्याचे आवाज विंगेपर्यंत येत होते. प्रत्येकीला नाटकातल्या पोरीची दया येत होती. तीच पोर खरीखुरी त्यांच्या शेजारी बसली होती. तिला मात्र सहा महिने बाजारात, नळावर, हळदीकुंकवाला, "किती दिवस राहनार हाये वं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

शेवटचा प्रवेश आला. नवरा पस्तावला. बापानं डोक्यावर हात ठेवला. आईनं ताट घेतलं आणि तांदळाची पहिली मूठ लेकीच्या पदरात घातली. माझ्या हातातल्या कागदावर त्यापुढं 'सनई, पडदा' एवढंच होतं. तेवढ्यात सतरंजीवरून एक म्हातारी उठली. फुलबाजारात आमच्या शेजारी तिचा ठिय्या असतो, सगळे तिला आजीच म्हणतात. "थांबा वं," ती म्हणाली, "देवीच्या ओटीतला नारळ हाये थो. म्या सकाळी पाह्यला ना. एकटीनं काय भरता? पाच जनी लागते."

मांडवात हशा झाला, टाळ्या पडल्या. नाटकाला अशी दाद म्हणजे काय, म्हणून समोरच्या विंगेतून दिग्दर्शकांनी खूण केली, चालू द्या, चालू द्या. चार बायका खरोखर पायऱ्या चढून वर आल्या, पदर खोचून. त्यांच्यातल्या एकीनं नारळ उचलला आणि नायिकेसमोर धरला. तेव्हा ती पोरगी गोंधळून म्हणाली, "मावशी, माझं लग्न नाही झालेलं." ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती.

हे माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. पुन्हा हशा. पण वर आलेल्या बायका हसल्या नाहीत. त्यांच्यापुढं खराच पेच होता. देवीचा नारळ ओटीसाठी उचलला होता. तो कुवार पोरीच्या ओटीत घालता येत नव्हता आणि उचललेला परत खाली ठेवता येत नव्हता. "मंग आता?" एक जण म्हणाली. खालून आजीनंच उत्तर दिलं. "नाटकातल्या पोट्टीचं काय घेऊन बसल्या? खरी लेक बसली ना इथं. तिची भरा. देवीच्या मनात हाये म्हनून तं नारळ उचलल्या गेला!"

धाकटी आधी हसली. तिला थट्टाच वाटली असणार. दोघींनी तिला दोन्ही दंडांना धरून उठवलं, तेव्हाही ती हसत "नको वं मावशी" म्हणत होती. पायऱ्यांवर तिचं हसू गेलं. रंगमंचावर आणून तिला उजेडात उभं केलं आणि कुणीतरी तिचा पदर ओढून पुढं धरला. ती मान वळवून वळवून मला शोधत होती. मी हातातले कागद टाकून पुढं गेले. "अहो, हे नाटक आहे! सोडा तिला, हे नाटक आहे!" माझा आवाजही माइकनं पकडला. आणि मांडवभर हास्याचा गडगडाट झाला. लोकांना वाटलं, हेही वाक्य नाटकातलंच.

पदरात तांदूळ पडले. नारळ पडला. खण पडला. पाच जणी एकामागून एक तिच्या कपाळाला कुंकू लावत गेल्या, आणि आजी खालून ओरडली, "जा माय, सुखानं नांद!" सनईवाल्यानं बटण दाबलं. आणि मग टाळ्या. मी तशा टाळ्या त्या मांडवात आधी कधी ऐकल्या नव्हत्या. लोक उठून उभे राहिले होते, ते मला नुसत्या आवाजावरून कळलं, कारण समोर दिवे होते आणि दिव्यांपलीकडं काही दिसत नव्हतं. मोबाइलचे बारीक उजेड तेवढे हलत होते. धाकटी पदर धरून उभी होती. तो सोडला तर देवीचा नारळ खाली पडेल म्हणून ती सोडत नव्हती.

लेक सासरी निघताना उंबऱ्याशी तिची ओटी भरतात. भरल्या ओटीनं लेक माहेरात राहत नाही, ही आमच्याकडची रीत. ती कुठं लिहिलेली नाही, आणि मोडलेली मी कधी पाहिली नाही.

घरी आल्यावर आईनं तो नारळ देवघरात ठेवला आणि रडायला बसली. "देवीनंच भरली वं ओटी. आता ठेवली तं कोप होईन." मी बाबांकडे बघत होते. ते तव्याचं वाक्य बोलतील, याची वाट बघत होते. बाबा पायरीवर बसून पायांची माती काढत राहिले.

धाकटी म्हणाली, "बाबा, मले जायचं नाही."

बाबा म्हणाले, "चार लोकाईत ओटी भरली माय तुही."

"बाबा, ते नाटक होतं!" मी ओरडले.

"नाटक खोटं," बाबा म्हणाले. "पन नारळ तं खरा होता."

मी त्यांना सांगितलं की मूळ पुस्तकात ती पोरगी नांदायला जात नाही, मरते. तिचा बाप तिला तीनदा पोचवतो आणि चौथ्यांदा ती सापडत नाही. हे सगळं यांनी बदललंय, निव्वळ खोटं आहे हे. बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मंग तुमी तसं कावून नाही दाखवलं?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी अध्यक्षांचं, सणासुदीचं सांगायला लागले आणि माझं मलाच ते ऐकवेना.

कुणीतरी व्हिडिओ काढलाच होता. दसऱ्याच्या आत तो गावभर फिरला. खाली हात जोडल्याची चित्रं, 'डोळ्यांत पाणी आलं', 'हीच आपली संस्कृती', 'मंडळाला सलाम'. तो अकोल्याला पोचायला वेळ लागला नाही. दसऱ्याला आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. झेंडूचे ढीग, पहाटेपासून गिऱ्हाईक. दसरा उलटला आणि गाडी करून अकोल्याचे पाहुणे दारात. सासूनं धाकटीला मिठी मारली. जावई बाबांच्या पाया पडला. सासरे म्हणाले, "आता तं साक्षात शारदेनं धाडली, आमी कोन अडवनारे?" सगळे हसले. आईनं पुरणपोळी केली.

मी धाकटीला आतल्या खोलीत म्हणाले, "तू माझ्या घरी चल. आत्ता. मागच्या दारानं." ती बॅग भरत होती. म्हणाली, "तुह्या घरी किती दिवस, ताई? अन् थेच लोक तुह्या बी गल्लीत हायेत." मग म्हणाली, "बाबा काही बोलले असते तं राह्यली असती." बाबा बाहेर गाडीत झेंडूच्या उरलेल्या माळा ठेवत होते. ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि मला तो माणूस त्या क्षणी नकोसा झाला.

तिचे फोन यायचे, पण बोलणं कमी. "बरी हाये." "जेवली." पाठीमागं सतत कुणीतरी असायचं. एकदा तिनं मध्येच विचारलं, "ताई, त्या दिवशी तुले मांडवातले लोक दिसत होते काय?" मी म्हटलं, नाही, दिवे होते. "मले बी नाही दिसले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या शेजारणीचा फोन आला. सासरच्यांचा नाही, शेजारणीचा. तिनंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मी आणि बाबा मिळेल त्या एसटीनं अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरपर्यंत बसायला जागा नव्हती. बाबा उभे होते, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. मी काही बोलले असते तर बसमध्येच भांडण झालं असतं.

धाकटी वॉर्डच्या कोपऱ्यातल्या कॉटवर होती. चेहऱ्याची एक बाजू काळीनिळी, जबड्याला पट्टी, हात प्लास्टरमध्ये. मला आधी दुसऱ्याच कुणाची कॉट वाटली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही, आतून इजा आहे. उजवा वाचेल, पण तोही किती ते सूज उतरल्यावर कळेल. पोलिसांना कळवलंय, जबाब द्यावा लागेल. बाबा प्रत्येक वाक्याला "हो बाई" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "घरी कधी नेता येईन?" बाई म्हणाल्या, "कुठल्या घरी?" बाबा म्हणाले, "माह्या."

मी पोलिसांशी बोलून आले. शेजारणीच्या हातांवर डोकं टेकून रडले. ती बाई आमची कुणी नव्हती, कोणत्याही मांडवात आमच्याबरोबर बसली नव्हती. परत आले तेव्हा बाबा कॉटशेजारच्या स्टुलावर बसले होते. कॉटची दुसरी बाजू भिंतीला लागलेली, त्यामुळे बसायला जागा तेवढीच, तिच्या डाव्या अंगाला. धाकटी जागी होती, छताकडे बघत. त्यांनी आणलेली संत्री तशीच पिशवीत होती.

"चाल माय घरी," बाबा म्हणाले. "आता कोनी नाही धाडनार तुले."

तिनं ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग पट्टीतून, अडखळत, पण स्पष्ट, तिनं विचारलं, "बाबा, एक सांगा. मले त्या दिवशी दिव्यात कोनी दिसत नव्हतं. नुसत्या टाळ्या ऐकू येऊन राहिल्या होत्या. तुमी बी वाजवल्या काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मला माहीतच नव्हतं. मला वाटलं ते नाही म्हणतील. देवाशप्पथ, मला वाटलं त्यांनी नाही म्हणावं.

"वाजवल्या," बाबा म्हणाले. इतकं हळू की मला नुसते ओठ हललेले दिसले.

"काय?" ती म्हणाली.

तिनं मोठ्या कष्टानं मान वळवली, उजवा कान त्यांच्याकडे केला आणि वाट बघत राहिली. बाबा स्टुलावरून उठले. कॉटच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून वाकले, आणि वाडीच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "वाजवल्या माय. म्या बी वाजवल्या!"

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघू लागला. कुणाच्या तरी नातेवाइकानं हातातला डबा खाली ठेवला. नर्स दारातून म्हणाली, "आजोबा, हळू बोला, पेशंट आहेत."

"हां," धाकटी म्हणाली. "आता ऐकू आलं."